मनाची मर : खिन्नतेचा आजार व त्यावरील उपाय

तुरीच्या शेतात फुलोऱ्याच्या सुमारास काही झाडे एकाएकी माना टाकतात. जमिनीत ओल असते, शेजारची झाडे हिरवीगार असतात, तरीही ही झाडे सुकत जातात. नवखा मनुष्य त्यांना पाणी देऊन पाहतो. जाणता शेतकरी खोड उभे चिरतो आणि आतील काळसर रेषा पाहून मर रोग ओळखतो. मनुष्याच्या मनासही असाच आतून पोखरणारा एक आजार जडतो. त्यास खिन्नता अथवा नैराश्य असे म्हणतात. भोवतालचे लोक 'आळस सोड', 'हिंमत धर' असा उपदेश करीत राहतात. परंतु दोष हिमतीचा नसतो. मात्र साम्य येथेच संपते. मर लागलेले झाड बहुधा वाचत नाही. खिन्नतेने ग्रासलेला मनुष्य योग्य उपचाराने बहुधा बरा होतो.

दुःख आणि आजार

पीक बुडाले, बैल दगावला, घरात मृत्यू झाला, तर कोणासही दुःख होणारच. दिवस जातात तसे ते ओसरते आणि मनुष्य कामास लागतो. खिन्नतेचे तसे नाही. पुढील लक्षणांपैकी बरीचशी लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दररोज व दिवसाचा बराच वेळ दिसत असतील, तर तो आजार समजावा :

१. मन सतत उदास राहणे, किंवा पूर्वी ज्यात गोडी होती अशा कशातच रस न वाटणे.
२. झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे, किंवा अति झोप येणे.
३. भूक मंदावणे अथवा फार वाढणे. वजनात फरक पडणे.
४. श्रम न करताही थकवा वाटणे. हालचाल व बोलणे मंदावणे, किंवा उगाच तळमळ होणे.
५. लक्ष न लागणे व साधा निर्णयही घेता न येणे.
६. आपण निरुपयोगी आहोत, आपल्यामुळेच सर्व बिघडले, असे वाटणे.
७. जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, मरणाचे विचार येणे.

खेड्यातील मनुष्य 'मी उदास आहे' असे क्वचितच सांगतो. तो डोके जड झाल्याचे, अंग दुखत असल्याचे किंवा छातीत धडधडत असल्याचे सांगतो. म्हणून त्याच्या शेताकडेही पाहावे. नेहमी वेळेवर वखरणी करणाऱ्याचे रान तणाने भरले, बैलांना वेळेवर पाणी दाखविले जात नाही, पारावरचे येणेजाणे थांबले, दारू वाढली, तर त्यामागील कारणाचा शोध घ्यावा. घरातील स्त्रियांनाही हा आजार होतो. विशेषतः बाळंतपणानंतर त्यांच्याकडे लक्ष द्यावे.

कारणे

या आजाराचे कारण एकच नसते. काही कुटुंबांत त्याकडे कल असतो. कर्ज, नापिकी, आजारपण, कलह व एकटेपणा यांचा भार त्यावर पडतो. रक्तक्षय किंवा थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही अशीच मरगळ येते. म्हणून डॉक्टरकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. करणी, नजर किंवा पूर्वजन्मीचे पाप यांचा याच्याशी संबंध नाही.

कार्यकर्त्याने काय करावे

प्रथम एकांतात व सवडीने भेटावे. चारचौघांत विषय काढू नये. 'भाऊ, गेले काही दिवस आपण पूर्वीसारखे दिसत नाही. झोप लागते का?' अशा साध्या प्रश्नाने आरंभ करावा. त्यानंतर ऐकावे. मध्येच उपदेश करू नये, दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशी तुलना करू नये.

बोलण्यात निराशा जाणवल्यास 'जीव नकोसा वाटतो का? जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारल्याने मनुष्यास हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास क्षणभरही एकटे सोडू नये, घरच्यांस विश्वासात घ्यावे व त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. कीटकनाशके व तणनाशके घरातून हलवून कुलूपबंद ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. मरणाची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले, तर जीव वाचू शकतो.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे असा प्रसंग लपवितात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करणे नव्हे, तर तिची काळजी घेणे व उपचार पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

साहाय्य कोठे मिळते

१४४१६ हा 'टेलि-मानस' सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या या सेवेवर रात्री-अपरात्रीही समुपदेशकाशी मराठीत बोलता येते. गावातील आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र ही जवळची ठिकाणे होत; तेथून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले जाते. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

उपचार दोन प्रकारचे असतात : समुपदेशन व औषधे. सौम्य आजारात केवळ समुपदेशनानेही गुण येतो. औषधाचा परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. पेरलेले दुसऱ्या दिवशी उगवत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच धीर येथे हवा. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. तथापि बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. आजार उलटू नये म्हणून ती आणखी काही महिने घ्यावी लागतात.

मनावरील भाराचे मूळ कर्जात असेल, तर त्याचीही वाट काढावी. पीककर्जाच्या पुनर्गठनाविषयी बँकेत विचारपूस करावी. बेकायदेशीर सावकारीविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कार्यकर्त्याने सोबत जाऊन अर्ज लिहून दिला, तर अर्धा भार हलका होतो.

अमरावतीचा अनुभव

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी या आजाराची माहिती दिली, प्राथमिक मदत केली, आणि गरज भासल्यास समुपदेशक व तज्ज्ञ यांच्याकडे रुग्ण पाठविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, आरंभी खिन्नता असलेल्या शंभरांपैकी सुमारे ४ जण मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण शंभरांत सुमारे २७ झाले. तज्ज्ञ तालुक्यात नसला, तरी गावातील शिकविलेला मनुष्य बरेच काही करू शकतो, हेच यावरून दिसते.

पिकावरील रोग लपविणारा शेतकरी आढळत नाही; तो रोगट पान घेऊन कृषी कार्यालयात येतो. मनाच्या आजाराविषयीही तोच मोकळेपणा गावात यावयास हवा. ज्याच्या घरी बरेच दिवस कोणी गेले नाही, त्याच्या दारी कार्यकर्त्याने या आठवड्यातच जावे.