अनारसे, पखवाज आणि थेट विमान

"थेट विमान आहे मामा. पुण्यात बसायचं, दुबईत उतरायचं," भाचा फोनवर म्हणाला. त्या ‘थेट’नेच आमचा घात केला.

आमचं भजनी मंडळ अंबाजोगाईचं. मी पखवाज वाजवतो. डिसेंबर २०२४ मध्ये दत्तजयंती आटोपली आणि आम्ही पाच जण भाच्याच्या घरी भजनाला म्हणून निघालो. दासोपंत (१५५१-१६१५) दत्तभक्त, त्यांची समाधी आमच्या गावात. त्यांची पदं समुद्रापलीकडे जाऊन म्हणायची याचं आम्हाला भारी अप्रूप. बाकी तयारी म्हणाल तर नागपूरला लग्नाला निघावं तितकी. तीन-साडेतीन तासांचं तर विमान! अंबाजोगाई ते पुणे त्याच्या दुपटीहून जास्त वेळ ट्रॅव्हल्समध्ये कंबर मोडते. (आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरातसुद्धा रेल्वे तेव्हा आली नव्हती. ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला.) मग कमी वेळ लागणाऱ्या प्रवासाची काळजी कोण करतो?

पहिला फटका पुण्याच्या काउंटरवरच बसला. आमच्या एका टाळकऱ्याच्या पासपोर्टवर नाव एकाच शब्दाचं, आडनावाचा रकाना कोरा. आपल्याकडे जुन्या माणसांची कागदपत्रं अशीच असतात आणि गावात त्यावाचून कुणाचं अडत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने असे एकनावी पासपोर्ट पर्यटक व्हिसावर घ्यायचं बंद केलं. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालवून घेऊ लागले. व्हिसा काढून देणाऱ्या एजंटाने यातलं काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. सगळी रांग पुढे सरकली तरी आम्ही बाजूला उभे. शेवटी वडिलांच्या नावाच्या त्या पानाने तारलं. तुमच्याकडे कुणाचा असा पासपोर्ट असेल तर तिकिटाआधी नाव दुरुस्त करून घ्या. त्याला लागायचा तो वेळ लागतोच.

मग विचारलं, बॅगेत सुकं खोबरं आहे का? आम्ही अभिमानाने सांगितलं, आहे की, आमच्या योगेश्वरी देवीचा प्रसाद आहे. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत सुकं खोबरं ज्वालाग्राही मालात मोडतं. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. वाट्या तिथेच राहिल्या. पॉवर बँकही मोठ्या बॅगेतून काढून हातात घ्यायला लावली.

पखवाजाची गोष्ट मात्र सांगताना अजून लाज वाटते. तीस वर्षं वाजवतोय, इतकं तरी कळायला हवं होतं. मी तो निघण्याच्या आदल्या दिवशी सुरात लावला, गट्टे ठोकून वाद्या ताणल्या आणि तसाच गोधडीत गुंडाळून लगेजला टाकला. म्हटलं, तिकडे गेल्या गेल्या वाजवता येईल. भाच्याच्या घरी गोधडी सोडली, तर शाईच्या बाजूची पुडी काठाला बोटभर चिरलेली. ताणलेलं कातडं म्हणजे श्वास रोखून धरलेला माणूस. हवा कोरडी झाली की ते आणखी आवळतं, दमट झाली की सैलावतं, त्यात सामानाची आदळआपट. वाद्य पाठवायचं तर आधी गट्टे काढून वाद्या पार ढिल्या करायच्या, कणीक खरवडून काढायची आणि टणक पेटीत मऊ गादी घालून ठेवायचं. सुरात लावायचं ते पोचल्यावर, तेही त्या खोलीच्या हवेत दोन तास ठेवून. शेवटी शेजारच्या मराठी घरातला पोरगा तबला शिकत होता, त्याचा तबला-डग्गा मागून आणला. पखवाजाच्या हाताला तबला म्हणजे दुसऱ्याच्या चपलेत वारी.

हे सगळं ठीक होतं हो. अंगावर काटा आणणारा प्रकार त्याच रात्री जेवताना घडला.

माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, लेकासाठी अनारसे दिले होते. आक्काचे अनारसे म्हणजे जाळी अशी पडलेली की पलीकडचं दिसावं. पंचेचाळीस होते, तिने मला मोजून दिले होते. भाच्याने डबा उघडला आणि हात तसाच थांबला.

"मामा, याला वरून काय लावलंय?"

"खसखस. दुसरं काय लावतात अनारशाला?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातलं बी, त्यामुळे तिथला कायदा तिला अमली पदार्थांच्या रांगेत बसवतो. मसाल्याची पुडी म्हणून सोडत नाहीत, माणूस तुरुंगात जाऊ शकतो. सिंगापूर आणि सौदी अरेबियातही ती नेता येत नाही. दुबईच्या विमानतळावर आमची बॅग उघडली गेली नाही, एवढंच आमचं नशीब. पोरगा मुकाट्याने उठला. संडासात उभा राहून आईने केलेले अनारसे एकेक मोडून त्याने पाण्याबरोबर सोडून दिले. मी दारात उभा होतो. एकही खाल्ला नाही त्याने. मग काळ्या मसाल्याचा डबाही मागितला, कारण त्यातही आक्का खसखस भाजून घालते.

औषधांचंही तसंच. आमच्या गायकाकडे खोकल्याचं औषध होतं, त्यात कोडीन होतं. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. तिथे कोडीन, ट्रामाडॉल असली औषधं न्यायची तर चिठ्ठी हवीच आणि तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते.

भजनाला बावीस माणसं आली. आमच्या मनात मोठा हॉल आणि माइक होता, भाच्याने आधीच नकार दिला होता. दुबईत सार्वजनिक कार्यक्रमाला सरकारी परवाना लागतो. घरात, दार लावून, शेजाऱ्यांना त्रास न होईल अशा बेताने गायलो. छान झालं, खोटं कशाला सांगू. डोळे पुसणाऱ्या बायका बीड-लातूरकडच्याच होत्या.

भैरवी झाली आणि आमच्या एकाने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. देवळाच्या सभामंडपाची वर्गणी! भाच्याने पुढे होऊन पुस्तकावर हात ठेवला. "काका, हे आत ठेवा." परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं तिथे गुन्हा आहे, मग ती देवाची असो की शाळेची. गड्याला राग आला. परतीच्या प्रवासात सबंध वाट तो भाच्याशी नाही तर माझ्याशी अबोला धरून होता. माझ्या मते भाचा बरोबर होता.

आता कुणी दुबईला, मॉरिशसला, सिंगापूरला निघालं की मी एकच करायला लावतो. बॅग भरून झाली की तिकडच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावा आणि एकेक डबा उघडून दाखवा. पुड्या, बाटल्या, देवाचा प्रसादसुद्धा. त्याने "हे काढा" म्हटलं तर वाद घालू नका. तिकडे कुणी ओळखीचं नसेल तर त्या देशाच्या दूतावासाची नाहीतर सीमाशुल्क खात्याची यादी पाहा. विमान कंपनीची यादी विमानापुरती असते, तिच्यात खसखस सापडेलच असं नाही.

आक्काला आम्ही काही सांगितलं नव्हतं. चार महिन्यांनी भाच्यानेच फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तीळ चालतात का रे?" पुढच्या दिवाळीला तिने तीळ लावून अनारसे पाठवले. भाचा म्हणतो चव ती नाही, पण डबा रिकामा झाला.