ब्लॉकचेन : सामाईक खतावणी कोणाच्या कामाची?

ब्लॉकचेनचा आपल्या धंद्याला उपयोग काय, अशी विचारणा व्यापारी बांधव करतात. आम्ही तिला सामाईक खतावणी म्हणू. प्रत्येक भागीदाराकडे तिची प्रत असते. एकाने जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केला तर ती इतरांच्या प्रतींशी जुळत नाही. एकाच पेढीचा, एकाच मुनीमजींचा हिशेब असेल तर हा खटाटोप कशाला? साधा कॉम्प्युटर पुरे.

माल अनेक हातांतून जातो तेथे मात्र फायदा दिसतो. अमेरिकेत वॉलमार्टने आंब्याच्या फोडींवर प्रयोग केला. माल कुठून आला हे शोधायला आधी सुमारे 7 दिवस लागले, ब्लॉकचेनवर 2.2 सेकंद. पण पेटीत हलका माल भरून नोंद उत्तम मालाची केली, तर ही वही ते खोटेही तितक्याच इमानाने जपते. माल डोळ्यांनी तपासणारा माणूस हवाच.

शिवाय सर्वांनी एकाच वहीत लिहायला हवे. मर्स्क व आयबीएम यांनी 2018 साली जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ‘ट्रेडलेन्स’ आणले. इतर मोठ्या जहाज कंपन्याही आल्या. तरीही साऱ्या व्यवसायाचे सहकार्य मिळाले नाही, खर्च परवडेना, असे सांगून नोव्हेंबर 2022 मध्ये ते गुंडाळण्याचे जाहीर झाले.