पंचांचा निर्णय आणि आपली तक्रार

‘पंचामुखी परमेश्वर’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु फुटबॉलच्या मैदानावर आपला संघ हरला, की त्याच पंचांच्या ठिकाणी आपणांस अज्ञान आणि पक्षपात दिसू लागतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकेका निर्णयावर फार मोठ्या रकमा अवलंबून असतात. त्यामुळे पंचांच्या कामगिरीविषयीची ओरड तेथे कधीच थांबत नाही. ही ओरड कितपत न्याय्य आहे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम पंच आले कोठून, ते पाहू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक संघ आपापला एक पंच आणीत असे. खेळाडूंनी दाद मागितली, तर हे दोघे निर्णय देत. त्यांचे एकमत न झाल्यास मैदानाबाहेरील तिसऱ्या गृहस्थाकडे वाद सोपविला जाई. ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो ‘रेफरी’. १८९१ साली या तिसऱ्या गृहस्थास मैदानात आणून सर्वाधिकार दिले गेले आणि पहिले दोघे रेषेवर गेले. तात्पर्य, पंच हा खेळावर बाहेरून लादलेला अधिकारी नव्हे. दोन्ही पक्षांना आपसांत वाद मिटविता येईनात, म्हणून खेळाने स्वतःच त्याला बोलाविले आहे.

पंचांचे निर्णय दोन प्रकारचे असतात. चेंडू गोलरेषेच्या पलीकडे गेला की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होय. खेळाडूने घातलेला अडथळा शिक्षेस पात्र होता की नाही, हा तारतम्याचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर एकच असते. दुसऱ्याविषयी दोन जाणत्या माणसांतही मतभेद होऊ शकतो.

वस्तुस्थितीच्या बाबतीत पंचांच्या हातून मोठ्या चुका झाल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९८६ च्या विश्वचषक स्पर्धेत मेक्सिको येथे अर्जेंटिनाच्या माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने चेंडू जाळ्यात ढकलला, आणि पंचांनी तो गोल मान्य केला. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडला, तरी तो गोल नाकारला गेला. अशा प्रसंगी केलेली तक्रार व्यर्थ जात नाही. २०१२ साली गोलरेषेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेस मान्यता मिळाली, आणि २०१८ च्या विश्वचषकात चित्रफीत पाहून पंचांना साहाय्य करणारे पंचही आले.

मग आता तक्रारी संपल्या काय? मुळीच नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम व लिव्हरपूल यांचा सामना झाला. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरविण्यात आला. चित्रफीत पाहणाऱ्या पंचांना तो निर्दोष दिसला. परंतु मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीने त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळविले. चूक ध्यानी येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि नियमानुसार निर्णय फिरविता येईना. लिव्हरपूल २-१ असे हरले. यंत्राने बरोबर दाखविले होते. माणसांचे बोलणे एकमेकांस नीट उमगले नाही. यंत्र डोळ्यांना साहाय्य करील, परंतु सावधानता माणसानेच बाळगावी लागते.

तक्रार कशी करू नये, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरू येथे इंडियन सुपर लीगमधील बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला होता. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू सज्ज होण्यापूर्वीच बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. पंचांनी थांबण्याची खूण केली नसेल, तर अशी झटपट किक नियमात बसते. पंचांनी गोल दिला. तो चूक की बरोबर, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु केरळचा संघ मैदान सोडून निघून गेला! गोलाची परतफेड करण्यास जादा वेळेतील बराच अवधी शिल्लक होता. तो त्यांनी आपल्या हातांनी घालविला. बेंगळुरूस विजयी घोषित करण्यात आले, केरळच्या संघास चार कोटी रुपये दंड झाला, आणि त्यांच्या प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली.

विद्यार्थिमित्रांनो, पंचांना प्रश्न विचारूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. चुकांची चर्चा झाली म्हणूनच नियम सुधारले. परंतु तक्रार करण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःस विचाराव्यात. नियम आपणांस ठाऊक आहे काय? पंचांच्या जागी उभे राहून, एका क्षणात, आपणांस तेच दिसले असते काय? आणि हाच निर्णय आपल्या बाजूने लागला असता, तर आपण तोंड उघडले असते काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे ‘होय’ अशी आली, तर तक्रार अवश्य करावी. मात्र सामना संपल्यावर, कर्णधारामार्फत आणि सभ्य शब्दांत.

आंतरवर्गीय सामन्यात शिट्टी घेऊन उभा असणारा बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी असतो. आपल्या शिव्यांनी कंटाळून त्याने उद्या शिट्टी खाली ठेवली, तर मैदानावर चेंडू राहील, खेळाडू राहतील. सामना मात्र राहणार नाही.