सायलीस, पादुआला निघण्यापूर्वी

बॉन, १२ जुलै

प्रिय सायली,


निवड झाल्याची बातमी ताईने फोनवर दिली आणि मागोमाग तुझा लांबलचक मेसेज आला. इरॅस्मस मुंडसची शिष्यवृत्ती, दोन वर्षं, पहिलं सत्र पादुआ, दुसरं ल्यूव्हेन, तिसरं पॅरिस, चौथ्यात प्रबंध. मनापासून अभिनंदन! थंडीचे कपडे, शाकाहारी जेवण आणि पुढची नोकरी यांवर इंटरनेटवर ढिगाने माहिती पडली आहे, त्यात मी भर घालत नाही. कुकर आण, पण छोटा. मला उत्तर द्यायचंय ते तुझ्या शेवटच्या प्रश्नाला: ‘मावशी, तिकडचे मार्क आपल्या सीजीपीएत कसे बदलतात गं?’

तू हे विचारलंस ते पुण्यात जिवापाड जपलेल्या नऊच्या वरच्या सीजीपीएच्या काळजीने. पण युरोपातल्या विद्यापीठांची सगळी देवघेव ज्या गोष्टीवर उभी आहे, तिलाच तुझा प्रश्न जाऊन भिडतो. परक्या माणसाने, परक्या पद्धतीने तपासलेलं काम आपण आपल्या दप्तरी मान्य करून घ्यायचं, पुन्हा परीक्षा न घेता. परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत नोकरी करता करता माझं पक्कं मत झालंय की झेंडे, खाद्यमहोत्सव, ‘संस्कृतींचा संगम’ वगैरे सगळं त्याच्या नंतरचं. तेवढी मान्यता नसेल तर उरते ती सहल.

आधी मार्कांचं. पादुआत परीक्षा पुष्कळदा तोंडी होते. यादीप्रमाणे नाव पुकारतात, तू प्राध्यापकांसमोर जाऊन बसतेस आणि मागच्या बाकांवर बाकीची मुलं ऐकत असतात, कारण इटलीत तोंडी परीक्षा बंद दाराआड घेत नाहीत. प्रश्नोत्तरं झाली की तिथल्या तिथे आकडा सांगतात. मार्क तीसपैकी, अठराला पास, आणि तीसच्याही वर शाबासकी म्हणून ‘लोदे’. गंमत पुढे आहे. प्राध्यापक म्हणतात, ‘चोवीस. घेणार?’ आणि विद्यार्थी ‘नको’ म्हणू शकतो, पुढच्या तारखेला पुन्हा बसू शकतो! पुनर्मूल्यांकनाचे फॉर्म भरण्यात ज्यांची उमेद गेली, त्या आपल्या लोकांना हे खरं वाटणार नाही. पण तू सव्वीस मिळाल्यावर रुसून ‘नको’ म्हणू नकोस. पुढची तारीख येईल तेव्हा तू ल्यूव्हेनला असशील.

ल्यूव्हेनला आणि पॅरिसला वीसपैकी मोजतात. दहाला पास. फ्रान्समध्ये चौदा म्हणजे चांगलं काम, सोळा म्हणजे फारच चांगलं, आणि वीसपैकी वीस म्हणजे दंतकथाच. आमच्या जर्मनीत तर गंगा उलटी वाहते: एक म्हणजे सर्वोत्तम, पाच म्हणजे नापास. १.७ बघून आमच्या खिडकीशी रडवेली होऊन आलेली स्पॅनिश मुलगी मला आठवते. तिच्याकडे दहापैकी मार्क देतात. तिला बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, बाई, घरी फोन कर, आनंदाची बातमी आहे.

म्हणून चौदाचे सत्तर टक्के करून ताईला कळवू नकोस. ती काळजीने अर्धी होईल. तिथल्या वर्गात तो आकडा किती जणांना मिळतो, यावरून त्याची किंमत कळते. गुणांची अशी विभागणी दाखवणारा तक्ता बरीच विद्यापीठं ठेवतात. ट्रान्सक्रिप्ट मागशील तेव्हा तोही माग, नसला जोडलेला तर विचारून घे. भारतात पुढे कुठे अर्ज केलास तर तपासणाऱ्या बाबूसमोर तोच बोलेल.

क्रेडिटचंही नीट समजून घे. वर्षाला साठ क्रेडिट, एका क्रेडिटला पंचवीस ते तीस तासांचं काम. म्हणजे सहा क्रेडिटच्या विषयाला कमीत कमी दीडशे तास, आणि त्यात वर्गातले जेमतेम चाळीस-पन्नास. उरलेले शंभर तुझे, वाचनालयातले. आपल्याकडून आलेली मुलं वेळापत्रकातली रिकामी जागा बघून खूश होतात, व्हेनिसची तिकिटं काढतात, आणि जानेवारीत डोळे पांढरे होतात. व्हेनिस पादुआपासून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, ते कुठे पळून जात नाही.

आता हे सगळं आलं कुठून, तेही ऐक. सोफिया कोर्रादी नावाची रोमची कायद्याची विद्यार्थिनी १९५७ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोमच्या विद्यापीठाने ती मोजायलाच नकार दिला. वर, अमेरिकेत मजा मारून आलीस, आता अभ्यासाला लाग, अशा सुरात चारचौघांत ऐकवलं, असं त्या पुढे सांगत. एखादी रडून गप्प बसली असती. या बाईंनी इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेत सल्लागाराचं काम मिळाल्यावर १९६९ मध्ये टिपण लिहून मांडलं, की विद्यार्थ्याने परदेशात केलेला अभ्यास मायदेशी धरला गेला पाहिजे. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा. विद्यार्थी संघटनाही मागे लागल्या; फ्रान्समध्ये फ्रांक ब्यांशेरी या तरुणाने राष्ट्राध्यक्ष मितराँपर्यंत धडक मारली. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली ती अकरा देश आणि ३,२४४ विद्यार्थी घेऊन. आज तिच्यातून गेलेल्यांचा हिशोब लाखांत नाही, कोटीत होतो. तुझ्यासारख्या युरोपबाहेरच्यांसाठी मुंडसचं दार २००४ मध्ये उघडलं.

कोर्रादीबाईंची कथा मी सांगते ती प्रेरणेसाठी नव्हे, कागदांसाठी. आमच्याकडे ग्रीसहून एक मुलगा आला होता. ठरलेल्या चार विषयांपैकी एक त्या सत्रात रद्द झाला, त्याने दुसरा घेतला, उत्तम गुण मिळवले, आणि करारपत्रात बदल करून घ्यायचा राहून गेला. घरी परतल्यावर त्याच्या विभागाने ते क्रेडिट नाकारलं. त्या करारपत्राला इथे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. त्यावर विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. तुझ्या अभ्यासक्रमात तिन्ही विद्यापीठं एकत्रच पदवी देणार, त्यामुळे तुला धोका कमी. तरी ऐच्छिक विषय बदललास तर आधी लेखी होकार, मग वर्गात पाऊल. ‘सर हो म्हणाले होते’ हे इथे चालत नाही. कागदांचंच आणखी एक: इटलीत पोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकायचा, आणि त्याची पावती पासपोर्टसारखी सांभाळायची. खुद्द परवाना हातात पडेपर्यंत कधी कधी सत्र उलटून जातं.

पादुआचं विद्यापीठ १२२२ सालचं. बोलोन्याच्या विद्यापीठात न पटल्यामुळे बाहेर पडलेल्या मंडळींनी ते उभारलं, म्हणजे स्थलांतर त्याच्या जन्मातच आहे. परगावची मुलं तिथे आपापल्या प्रांतांच्या गटांनी राहत, आणि पालाझ्झो बो या विद्यापीठाच्या जुन्या वाड्याच्या भिंतींवर त्यांची शेकडो कुलचिन्हं आजही दाटीवाटीने लावलेली दिसतात. पोलंडहून कोपर्निकस तिथे शिकायला आला, इंग्लंडहून हार्वे आला, गॅलिलिओने अठरा वर्षं शिकवलं. एलेना कोर्नारो पिस्कोपिया या बाईंना १६७८ मध्ये तिथेच डॉक्टरेट मिळाली, जगातली बाईला मिळालेली पहिलीच म्हणतात. त्यांना मागायची होती धर्मशास्त्राची. बिशपने अडवलं म्हणून तत्त्वज्ञानाची दिली. त्यांचा पुतळा आहे तिथे जिन्यापाशी, बघून ये.

ते प्रांतवार गट आज कायद्याने नाहीत, पण वागण्यात आहेत. तुझा वर्ग इंग्रजीत, वर्गात कोलंबिया, इथिओपिया, व्हिएतनाम, नेपाळ, आणि इटालियन मुलं अगदी थोडी. सगळे परके म्हणून सगळ्यांची गट्टी जमते, पार्ट्या होतात, आणि चार महिन्यांनी कळतं की गावातल्या एकाही माणसाशी आपण कॉफीच्या किमतीपलीकडे बोललो नाही. दुसरीकडे भारतीयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. तो सोडू नकोस. घर शोधताना आणि आजारपणात तोच धावून येतो. पण संध्याकाळ त्यातच घालवायची असेल तर कोथरूड काय वाईट होतं? गावातलं एखादं गायनवृंद, पोहण्याचा क्लब, मराठी-इटालियन नाही तर हिंदी-इटालियन अशी भाषांची अदलाबदल, काहीतरी एक धर जिथे तुझ्यावाचून कुणी परदेशी नाही. इटालियन मोडकंतोडकं बोललीस तरी लोक खूश होतात.

आणि एखाद्या इटालियन मैत्रिणीच्या पदवीचा दिवस असला तर कामं टाकून जा. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, हातात ‘पापिरो’ म्हणून भलामोठा कागद. त्यावर मित्रांनी तिचं विडंबनचित्र काढलेलं असतं आणि जन्मापासूनच्या साऱ्या भानगडी यमकात लिहिलेल्या असतात. तिने तो भर रस्त्यात मोठ्याने वाचायचा, चुकली की घोट घ्यायचा, वर अंडी-पीठ अंगावर. आजी-आजोबा शेजारी उभे राहून हसत असतात. पदवी मिळाल्यावर माणसाला जमिनीवर आणायची ही पद्धत आपल्या विद्यापीठांनीही घ्यावी असं मला फार वाटतं.

ल्यूव्हेन वेगळं. शुक्रवारी दुपारी फ्लेमिश, म्हणजे तिथली डच बोलणारी, मुलं चाकांच्या बॅगा ओढत स्टेशनकडे निघतात, आईकडे कपडे धुवायला, आणि शनिवारी गाव ओस. हे तुझ्यावरचं वैर समजू नकोस. त्यांना घरी बोलवायचं तर मंगळवारी-बुधवारी बोलव. तिथे एक गोष्ट मात्र नीट वाचून जा. हे विद्यापीठ १४२५ चं, पण १९६० च्या दशकात डच बोलणाऱ्यांनी फ्रेंच विभाग आपल्या भूमीतून हलवा म्हणून आंदोलन पेटवलं. १९६८ मध्ये त्यात बेल्जियमचं सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले आणि फ्रेंच भाषकांसाठी लूव्हँ-ला-नव्ह हे नवं गाव वसवावं लागलं. ग्रंथालयाची वाटणी सम आणि विषम क्रमांकांनी झाली असं सांगतात. दोन्ही महायुद्धांत जळालेलं आणि दोनदा पुन्हा उभं राहिलेलं हेच ग्रंथालय. भाषेसाठी राज्य मागितलेल्या आपल्या लोकांना तो राग समजू शकतो, म्हणून तू तरी ‘एवढ्याशा देशात दोन भाषांवरून भांडणं कसली’ असं कॅन्टीनमध्ये बोलू नकोस. आज त्याच दोन संस्था एकत्र संशोधन करतात, दोघीही जन्मसाल १४२५ च लावतात. सहकार्य असं भांडण लपवून होत नाही. वाटण्या रीतसर झाल्या, मग हात पुढे आले.

गटाने करायच्या प्रकल्पात तुला याचंच छोटं रूप दिसेल. कुणी तुझा मसुदा वाचून तोंडावर ‘हा भाग कच्चा आहे’ म्हणेल, कुणी ‘छान, छान’ म्हणून शेवटच्या रात्री सगळा बदलेल. एकावरून देश ठरवू नकोस. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी कागदावर घ्या: कोण काय लिहिणार, कधीपर्यंत, आणि मसुद्यात दुसऱ्याने हात घालायचा की नुसता शेरा द्यायचा. आपल्या मुलींना ‘नाही जमणार’ म्हणायचा संकोच असतो. तो पुण्यात ठेवून ये.

पैशाबद्दल थोडं खासगी. तुला महिना १,४०० युरो, फी वेगळी भरलेली. तुझ्या शेजारच्या खोलीतली साध्या इरॅस्मसवर आलेली पोर्तुगालची मुलगी काहीशे युरोंवर भागवत असेल, उरलेले आईबापांचे किंवा हॉटेलात ताटं उचलून मिळवलेले. ही योजना सगळ्यांची म्हणतात, पण ज्यांच्या घरी वरचे पैसे घालायची ऐपत नाही ती मुलं अर्जच करत नाहीत, हे मी रोज बघते. तेव्हा आपला आकडा चारचौघांत सांगत फिरू नकोस, आणि खर्च नेहमी समसमान वाट. त्या १,४०० मध्येच विमान, व्हिसा, गावं बदलणं सगळं बसवायचंय.

पॅरिससाठी आतापासून तयारी कर, कारण तिथे घर मिळणं कर्मकठीण. सिते अ‍ॅन्तेरनास्योनाल म्हणून १९२५ पासूनची विद्यार्थ्यांची वसाहत आहे, पहिल्या महायुद्धानंतर देशोदेशीची मुलं शेजारी राहावीत म्हणून वसवलेली. त्यात आपलं मेजों द लँद, म्हणजे भारत भवनही आहे. पण प्रत्येक भवनात काही खोल्या मुद्दाम इतर देशांच्या मुलांना देतात, त्यामुळे तुझी रवानगी भलत्याच देशाच्या घरात होऊ शकते. झाली तर आनंदाने जा. फ्रेंच सरकारच्या घरभाडे मदतीसाठी तुला अर्ज करता आला तर जन्मदाखला मागतात. भाऊजींना सांग, महापालिकेचा दाखला नवा काढून त्यावर अपोस्टिल करून घ्या, ते काम पॅरिसहून होत नाही. ताईला म्हणावं, रोज व्हिडिओ कॉलचा हट्ट पहिला महिना तरी नको. पादुआत खोलीचा पत्ता पक्का झाला की कळव. लाडूंचं पार्सल इथून पाठवते, पुण्याहून कस्टममध्ये अडकतं.

तुझी,
मावशी