जीभ, जनुके आणि पुरावा

जिभेच्या कडा वर वळवून तिची नळी काहींना करता येते, काहींना येत नाही. १९४० साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी हा गुण आनुवंशिक असून मुख्यतः एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे मांडले. पुढे पाठ्यपुस्तकांनी तो नियमच करून टाकला. हा नियम काटेकोर मानला, तर नळी न जमणाऱ्या आईबापांच्या पोटी ती जमणारे मूल जन्मूच शकत नाही. एवढ्यावरून एखाद्या मातेच्या चारित्र्यावर संशय घेतला जाणे, यासारखा अन्याय नाही.

१९५२ साली फिलिप मॅटलॉक यांनी एकरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांत एकाला नळी जमे, दुसऱ्याला जमत नसे. जनुके सारखी असूनही भेद पडतो, अर्थात केवळ जनुके तो ठरवीत नाहीत. स्टर्टेव्हंट यांनीही पुढे हा पुरावा मान्य केला.

इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पालकहो, मुलाची जीभ पाहून त्याचे रक्त ठरवू नका. छापील वाक्यालाही पुरावा विचारण्याची सवय मात्र त्याला अवश्य लावा.