एक्सएसएलटी: हाताशी कोणतं पुस्तक ठेवावं?

प्रश्न: ऑफिसात एक्सएमएल फाइलींवरून एचटीएमएल अहवाल बनवावे लागतात. एक्सएसएलटीची तोंडओळख आहे, पण नोंदी विभागवार लावायची वेळ आली की गाडी अडते. कोणतं पुस्तक घ्यावं?

उत्तर: तुमच्या गरजेला साल मँगानो यांचं ‘एक्सएसएलटी कुकबुक’ चपखल बसतं. ओरायलीच्या या पुस्तकात आधी अडचण, मग उत्तर आणि शेवटी त्यामागचं कारण अशी मांडणी आहे. मजकुराची काटछाट, तारखांचे हिशेब, गटवारी अशी रोजची कामं त्यात सापडतात. २००५ची दुसरी आवृत्तीच घ्या, तिच्यात १.० आणि २.० दोन्हींची उत्तरं आहेत.

त्याआधी तुमचा प्रोसेसर कोणती आवृत्ती चालवतो ते पाहा. ‘एक्सएसएलटीप्रॉक’ १.०वर चालतो. तिथे गटवारीसाठी ‘की’ आणि ‘जनरेट-आयडी’ यांची जोडी लावणारी स्टीव्ह म्यूंक यांची पद्धत वापरावी लागते. सॅक्सनमध्ये २.० चालतं, त्यामुळे ‘फॉर-ईच-ग्रुप’ ही एकच सूचना पुरते: ‘ग्रुप-बाय’मध्ये विभागाचा घटक द्या, गट तयार!

नियम मुळातून समजून घ्यायचे तर मायकेल के यांचं ‘एक्सएसएलटी २.० अँड एक्सपाथ २.० प्रोग्रामर्स रेफरन्स’ (चौथी आवृत्ती, २००८) जवळ असावं. सॅक्सनही के यांनीच घडवला. एक्सएसएलटी ३.० मात्र २०१७ साली प्रमाणित झालं, त्यामुळे ते या दोन्ही पुस्तकांत मिळणार नाही.

पुस्तकातलं उत्तर थेट कामात घालू नका. आधी चार-पाच नोंदींच्या छोट्या फाइलवर चालवून बघा.