डॉक्टर नाही, पैसेवाली नाही. मग विश्वस्त कशाला?

प्रश्न : कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेने मला विश्वस्त व्हायला सांगितले आहे. फिरता दवाखाना, मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला असे नवे प्रयोग ती करते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वैद्यकातले मला कळत नाही, देणग्या आणण्याइतक्या ओळखीही नाहीत. मंडळावर बसून मी नेमके करायचे काय? नुसते सहीपुरते नाव द्यायची माझी तयारी नाही.
— एक वाचक, नेरळ

उत्तर : होकार द्या, आणि सहीपुरते नाव न देण्याची तुमची अट कायम ठेवा. औषधोपचाराला संस्थेत डॉक्टर असतात, हिशेब तपासायला लेखापरीक्षक असतो. विश्वस्तांचे काम या दोघांपेक्षा वेगळे. कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा, माणसे आणि पैसा कुठे लावायचा, न चालणारे काम कधी थांबवायचे, हे त्यांनी ठरवायचे असते. त्यासाठी वाड्या ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो बहुतेक मंडळांवर नसतो.

एक उदाहरण तुमच्याच अनुभवातले. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. तुमच्या हजेरीपटावर ही गळती तुम्ही दर वर्षी पाहिली असणार. कंपन्यांकडून येणारा सामाजिक दायित्वाचा निधी मात्र आर्थिक वर्षाने बांधलेला. त्यामुळे जानेवारी ते मार्च शिबिरांची घाई उडते आणि नेमक्या त्याच महिन्यांत वाडीत म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतात. अहवालात शिबिर झाल्याची नोंद होते; ज्या बाळाचे वजन करायचे ते भट्टीवर असते. हे सभेत सांगणारा कोणी असेल, तर तपासणी भट्टीवर नेण्याचा किंवा जूनमध्ये घेण्याचा ठराव होऊ शकतो. माझ्या मते हे काम कोणत्याही मोठ्या देणगीइतकेच मोलाचे आहे.

नवा प्रयोग म्हणजे नवे यंत्र, ही समजूतही मंडळाने आधी सोडायला हवी. तुमच्याच जिल्ह्यात डॉ. हिम्मतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती. बावसकर रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवत राहिले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ही माणसे वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. कोकणातल्या शेतकऱ्याला काय मारते, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला होता. तुमच्या मंडळापुढे उद्या एखाद्या ॲपचा प्रस्ताव आला, तर याच प्रश्नापासून सुरुवात करा. आवणीच्या दिवसांत साप चावलेल्या माणसाला कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? तो वेळ या ॲपने कमी होणार आहे का?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, पांढरे कपडे मेलेल्या माणसाचे, नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. म्हणून त्यांच्या शोधग्राम या केंद्रातला दवाखाना घरांच्या वस्तीसारखा झाला, सोबतच्या माणसांना राहायला जागा झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करतात, त्या पद्धतीलाही तिथल्याच कामाचा मोठा आधार आहे.

उलट अनुभवही रायगडातच आहे, आणि तो तुम्ही मुद्दाम समजून घ्यावा. मुंबईचे नामांकित प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात मांडव्याच्या परिसरात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांची ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था याच कामातून उभी राहिली. बायकांनी काम चोख केले. पण ज्ञान आणि औषधे गावातल्या गरीब बाईच्या हाती जाणे स्थानिक पुढाऱ्यांना रुचले नाही. विरोध वाढला आणि प्रकल्प थांबवावा लागला. अंतियांनी हे सारे पुढे स्वतः लिहून प्रसिद्ध केले, आणि संस्थेने पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात नव्याने काम उभे केले. मी यातून दोन गोष्टी घेतो. औषध लागू पडले म्हणून प्रयोग टिकतोच असे नाही; गावातली सत्ता कोणाकडे आहे, हेही मंडळाला कळावे लागते. आणि थांबलेल्या कामाचा खरा अहवाल लिहिण्याचे धैर्य अध्यक्षाकडे हवे.

आता व्यवहाराचे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तुमचे नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत चढायला हवे. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो झाला का, ते पाहा. न्यासपत्र, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि सभांची इतिवृत्ते मागा. इतिवृत्तात प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असेल आणि एकाही प्रश्नाची नोंद नसेल, तर ते मंडळ कामच करत नाही असे समजा.

आणि फिरत्या दवाखान्याचे लॉगबुक मागवा. गाडी कोणत्या तारखेला कुठे थांबली, किती किलोमीटर चालली, ते त्यात असते. शेजारी वाड्यांची यादी ठेवा. गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला थांबते आणि वरची ठाकरवाडी अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर असते, हे दोन्ही कागद एकत्र वाचल्यावरच दिसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. मदतपथकांना तो डोंगर पायीच चढावा लागला. त्याआधी कित्येक वर्षे तिथली गरोदर बाई त्याच वाटेने खाली येत होती.

पहिल्याच सभेत एक मागणी जरूर करा. मंडळावर कातकरी वाडीतल्या एका बाईला जागा द्या, तिचा बुडालेला रोज भरून द्या, आणि सभा कर्जतच्या कार्यालयात न घेता तिच्या वाडीत घ्या. लेखी येत नाही म्हणून कोणी आडवे आले, तर इतिवृत्त वाचून दाखवायला तुम्ही आहातच.